वहीतले रेडे

मांडवाच्या तोंडाशी एक जण माईक घेऊन उभा असतो, शेजारी दुसरा वही उघडून बसलेला. काळ्या कपड्यांतल्या पाहुण्यांची रांग आत येते. पुढे बायका, मागे बांबूला बांधलेलं डुक्कर खांद्यावर पेलत येणारे पुरुष, त्यांच्यामागे एखाद्या पोराने वेसणीला धरून आणलेला रेडा. कोणत्या घरून काय आलं ते माईकवर पुकारलं जातं आणि वहीत उतरतं. रेड्याची शिंगं केवढी आहेत याचीही नोंद होते. माप हाताचं असतं. बोटांच्या टोकापासून मनगटापर्यंत, मनगटापासून कोपरापर्यंत, जिथवर शिंग पोहोचेल तिथवर. उद्या परतफेड करायची वेळ आली की त्याच तोडीचा रेडा द्यावा लागतो. इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीच्या डोंगरात राहणाऱ्या तोराजा लोकांचा हा अंत्यविधी. त्याला ते ‘रांबू सोलो’ म्हणतात, म्हणजे खाली उतरणारा धूर.

माझ्या आईच्या ट्रंकेत अशीच एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, तिच्या लग्नातल्या आहेराची. ‘थोरल्या मावशीकडून स्टीलचा डबा १, रोख ११ रुपये’ अशा ओळी आजोबांच्या अक्षरात पानंच्या पानं भरल्या आहेत. पन्नास वर्षं होत आली, तरी त्या वहीतल्या कुणाच्या घरी कार्य निघालं की आई आधी ती वही काढते, मग बाजारात जाते. घेतलेलं फेडायचं, आणि फेडताना थोडं वर चढवून द्यायचं, हा हिशोब तिला कुणी शिकवला नाही. म्हणून तोराजा अंत्यविधीची ही वही मला परकी वाटली नाही. परकं वाटलं ते तिच्याबद्दल जग जे बोलतं ते.

नोव्हेंबर २०२५मध्ये इंडोनेशियात या विधीवरून मोठा वाद पेटला. एका नामवंत विनोदी कलाकाराने २०१३मध्ये रंगमंचावर केलेला एक विनोद समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागला. तोराजा लोक अंत्यविधीपायी कंगाल होतात, आणि ज्यांना तो परवडत नाही ते प्रेत घरातच टीव्हीसमोर ठेवून देतात, असा त्याचा रोख होता. तोराजा तरुणांनी पोलिसांत तक्रार केली आणि कलाकाराने जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे बरंच झालं. पण माफीने प्रश्न मिटत नाही, कारण त्या विनोदात जे म्हटलं होतं ते जकार्तापासून आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत पुष्कळ लोकांना मनापासून वाटतं. हे लोक प्रेतं घरात ठेवतात, ती बाहेर काढून नटवतात, आणि रेड्यांपायी घरादारावर नांगर फिरवतात. हे थांबवायला नको का?

माझं उत्तर असं, की यातलं जे आपल्याला भयंकर वाटतं ते थांबवण्याचं काहीच कारण नाही. जे खरोखर बदलायला हवं ते ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओंत दिसतच नाही. आणि ते बदलण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही.

आधी घरातल्या प्रेताबद्दल. तोराजा घरात माणसाचा श्वास थांबला की तो ‘तो मकुला’ होतो. या शब्दाचा अर्थ आजारी माणूस. त्याला त्याच्या घरात, बहुधा दक्षिणेकडच्या खोलीत निजवतात. पूर्वी देह टिकवायला झाडपाल्याचे उपाय होते, आता फॉर्मॅलिन टोचतात. सकाळी त्याच्या उशाशी कॉफी ठेवतात (कॉफी हे त्या डोंगरातलंच पीक), जेवणाच्या वेळी भात, हयातीत ओढत असेल तर सिगारेट, खात असेल तर विड्याचं सामान. बाहेर जाताना त्याला सांगून जातात, आल्यावर आलो म्हणून सांगतात. पाहुणा आला तर त्याच्याशी ओळख करून देतात. हे काही आठवडे चालतं, काही महिने चालतं, कधी काही वर्षंही चालतं. मग नातेवाईक जमतात, पैसा जमतो, भाताचं पीक निघतं, कालिमांतान, पापुआ अशा इंडोनेशियातल्याच दूरच्या मुलखांत कामाला गेलेली मुलं सुट्टी काढून येतात. कोकणात गणपतीला चाकरमानी यावेत तशी जुलै-ऑगस्टला आणि डिसेंबरला ही माणसं तोराजा मुलखातल्या रांतेपाओ शहराच्या रस्त्यांवर उतरतात. मग विधी सुरू होतो, पहिला रेडा पडतो, आणि तेव्हा कुठे तो माणूस मेला असं म्हटलं जातं.

परवडत नाही म्हणून प्रेत पडून आहे, असं म्हणणाऱ्याने हे सगळं उलट्या बाजूने वाचलं आहे. पैसा जमवणं हे थांबण्याचं एक कारण आहे हे खरं. पण थांबणं ही सोय आहे म्हणून ते थांबत नाहीत. माणूस एका झटक्यात मरत नाही, अशी त्यांची समजूत आहे. श्वास जातो, मग हळूहळू घरातली त्याची जागा सुटते, मग गावातली, आणि सगळ्यांत शेवटी तो ‘पूया’ या मृतांच्या देशाकडे निघतो.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपल्याकडेही माणूस गेल्याबरोबर पितर होत नाही. शास्त्राप्रमाणे बाराव्या दिवसाच्या सपिंडीकरणापर्यंत तो प्रेतच असतो, कुठलाच नसलेला, वाटेत अडकलेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट बघत उन्हात उभे राहतो, आणि कावळा शिवेना की त्याची कोणती इच्छा राहिली असेल यावर कुजबुज सुरू होते. ‘धाकटीचं लग्न मी बघेन, काळजी करू नकोस,’ असं थोरल्या भावाने पिंडाकडे बघून मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं आहे. त्या क्षणी तिथे कुणालाही गेलेला माणूस गेलेला वाटत नव्हता. आपण ही मधली अवस्था तेरा दिवसांत बसवली, आणि आता शहरांत तीही तीन दिवसांवर आली. तोराजांनी ती बसवलीच नाही, लागेल तेवढी लागू दिली. तेरा दिवस म्हणजे संस्कार आणि तेरा महिने म्हणजे विकृती, ही रेघ मारायची ती कशाच्या आधारावर?

माझे वडील गेले तेव्हा रात्री दोनला रुग्णालयातून फोन आला आणि सकाळी नऊला आम्ही विद्युतदाहिनीतून परत निघालो होतो. एका चुलत्यांची दुपारची गाडी होती, म्हणून सगळं लवकर उरकलं. उरकलं हाच शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता आणि मीही तो वापरला. बहीण नागपूरहून संध्याकाळी पोहोचली. तिला दाखवायला आमच्याकडे चष्मा आणि घड्याळ तेवढं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता, सगळ्यांनी धावपळच केली होती. पण तेव्हापासून ‘प्रेत घरात ठेवतात’ हे वाक्य कुणी नाक मुरडून म्हटलं की मला नागपूरची गाडी आठवते.

आता रेड्यांकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे.

आपल्याकडे यम रेड्यावर बसून न्यायला येतो. तोराजांकडे गेलेला माणूस आपल्याच रेड्यांच्या बळावर पूयाची वाट चालतो. रेडे नसतील तर वाट सरत नाही, अशी श्रद्धा. म्हणून त्या मुलखात चांगला रेडा नांगराला जुंपत नाहीत. पोरं त्याला ओढ्यावर नेऊन अंघोळ घालतात, हाताने चारा भरवतात. रांतेपाओजवळच्या बोलूच्या बाजारात रेड्यांची किंमत रंगावर, शिंगांवर, डोळ्यांवर ठरते. साधा रेडा दोन-तीन कोटी रुपियांना मिळतो, म्हणजे आपले लाख-दीड लाख रुपये. पण ‘तेदोंग बोंगा’, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा रेडा, आणि त्यातही ‘सालेको’ म्हणतात तो, अब्ज रुपियांपर्यंत जातो. अब्ज रुपिया म्हणजे सुमारे पन्नास लाख रुपये. तो विकत घेतात ते मारण्यासाठी. वरच्या घराण्यांत चोवीस रेडे ही जुन्या रिवाजातली मोठी संख्या होती, आता बड्या घरांत ती कधीच ओलांडली गेली आहे.

हे आकडे ऐकले की बाहेरचा माणूस गुणाकार करतो, तेवढे पैसे त्या घराने जाळले असं धरतो, आणि कळवळतो. पण वही विसरून हा हिशोब होतच नाही. त्या अंगणात पडलेले सगळे रेडे एका घराने विकत घेतलेले नसतात. त्यांतले पुष्कळसे आलेले असतात. काही जुन्या देण्याची फेड म्हणून, काही नवं देणं उभं करायला. मावसभावाच्या वडिलांच्या वेळी दिलेला रेडा आज आईच्या वेळी परत येतो, आणि ज्याने आज नवा आणला त्याचं देणं पुढे मुलं फेडतात. मांस गावभर वाटलं जातं, कुणाला कोणता भाग हे मानाप्रमाणे ठरतं. काही ठिकाणी त्यातलं मांस लिलावात काढून तो पैसा चर्चसाठी आणि गावाच्या कामांसाठी वापरतात. बँक नव्हती, विमा नव्हता, तेव्हा आपत्तीत कोण कोणाच्या मागे उभं राहील याची नोंद हीच होती. नात्याची माणसं आजही तिला तसंच धरून आहेत. ज्याच्या वहीत कुणाचंच नाव नाही तो त्या डोंगरात खरा एकटा.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. हे सगळं ‘हजारो वर्षांपासून जसंच्या तसं’ चाललेलं नाही. जुन्या तोराजा समाजात ‘ताना’ नावाची उतरंड होती, सोन्याच्या वरच्या थरापासून दासांच्या खालच्या थरापर्यंत. कोणी किती रेडे मारायचे हे पैशावर ठरत नव्हतं, जन्मावर ठरत होतं. दासाच्या घरात कितीही धान्य असो, त्याच्या बापासाठी मोठा विधी करायला मनाई होती. सर्वांत गरिबासाठी तर डुकराचं खाण्याचं लाकडी भांडं नुसतं ठोकायचं, डुक्कर मारल्याचा आवाज तेवढा व्हायचा. तेवढ्यावर त्याला निरोप. १९०६मध्ये डच आले, गुलामी कायद्याने गेली, पण उतरंड मनातून गेली नाही. मग १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तोराजा तरुण बाहेर पडू लागले. मकास्सर, जकार्ता, कालिमांतानची लाकूड आणि तेलाची कामं. ज्याच्या आजोबासाठी भांडं ठोकलं होतं तो नातू पैसे घेऊन गावी आला आणि त्याने बापासाठी रेडे उभे केले. जुन्या घराण्यांनी नाकं मुरडली. रेड्यांची संख्या वाढली त्यात दिखावा आहेच, पण हाही एक दावा आहे: माझा बापही माणूस होता. कालपर्यंत ज्याच्या दारात वाजंत्री वाजवायला गावाची बंदी होती त्याने आज वाजतगाजत वरात काढली, तर तिला आधी उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इथपर्यंत मी तोराजांच्या बाजूने बोललो. आता जे मला पटत नाही ते.

तोराजा रिवाजात आईबापाच्या विधीत कोणत्या मुलाने किती रेडे दिले त्यावर शेतीचा वाटा ठरण्याची पद्धत आहे. ज्याने जास्त दिले त्याला भाताचं खाचर जास्त. म्हणजे वडिलांना शेवटपर्यंत सांभाळणारी गावातली मुलगी, जिच्याकडे रोकड नाही, आणि तीस वर्षं कालिमांतानला राहिलेला, रोकड घेऊन उतरणारा मुलगा, यांच्यात जमीन कुणाकडे जाईल हे सांगायला नको. दुःखाच्या मांडवात भावंडांची चढाओढ लागते आणि तिला प्रेमाचं नाव मिळतं. विधीचं हे अंग मला अन्यायाचं वाटतं. परलोकाशी त्याचा संबंध नाही, तो जमिनीचा व्यवहार आहे. तो अंत्यविधीपासून सोडवला तर पूयाची वाट एका पावलानेही लांबणार नाही.

दुसरी गोष्ट लाजेची. ‘लोंगको’ असा त्यांचा शब्द आहे. त्यात लाज आहे, भीड आहे, लोक काय म्हणतील हे आहे. शेजारच्या घराने बारा दिले तर आपण आठ कसे द्यायचे, या भिडेपोटी माणसं कर्ज काढतात. पोरांच्या शिक्षणाचा पैसा रेड्यांत गेला ही तक्रार बाहेरच्यांच्या आधी तोराजा तरुणच करत असतात. तिसरी गोष्ट, विधीच्या निमित्ताने होणाऱ्या रेड्यांच्या टकरी आणि कोंबड्यांच्या झुंजींवर लागणारा जुगार. चौथी, रेडा स्वतः. ठिपक्यांचे चांगले नर वंश वाढवण्याआधी कापले जातात आणि मागणी भागवायला इतर बेटांवरून जहाजाने जनावरं आणावी लागतात. एका वारात गळा चिरून उभ्या जनावराचं रक्त वाहू देण्याबद्दल मला काय वाटतं तेही सांगतो. मला ते बघवत नाही. पण दसऱ्याला रेडा कापणारी गावं आपल्याही मुलखात होती, आणि बोकड तर अजून जत्रेजत्रेत पडतो. तेव्हा माझ्या न बघवण्याचा कायदा मी दुसऱ्याच्या डोंगरावर लावणार नाही.

मग बदल करायचा कोणी?

एकदा बाहेरून प्रयत्न होऊन गेला आहे. १९१३मध्ये आंतोनी फान द लोसद्रेख्त हा डच मिशनरी रांतेपाओला आला. त्याने शाळा काढल्या, आणि अंत्यविधीच्या खर्चावर, जुगारावर, जुन्या चालींवर टीका सुरू केली. त्याच्या पाठीशी वसाहतीचं सरकार होतं, सरकारचे कर होते, वेठ होती. १९१७मध्ये बोरी गावात त्याचा खून झाला. तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. पण सुधारणा बंदुकीच्या सावलीत आली की लोकांना तिच्यातली सुधारणा दिसत नाही, बंदूक दिसते. पुढे मिशनने एक तोडगा काढला. ‘अलुक’ म्हणजे धर्म आणि ‘आदत’ म्हणजे रूढी, अशी फाळणी केली. धर्म सोडा, रूढी पाळा. ज्या समाजात भात लावण्यापासून घर शाकारण्यापर्यंत सगळंच अलुक होतं तिथे ही रेघ बाहेरच्याने आखलेली होती. लोकांनी ती आपल्या पद्धतीने वापरली. डच असेपर्यंत ख्रिस्ती झालेले थोडेच होते, मोठी लाट ते गेल्यानंतर आली, १९५० आणि ६०च्या दशकांत. आज तोराजा बहुसंख्येने प्रोटेस्टंट आहेत. पाद्री येतो, बायबल वाचलं जातं, आणि त्याच अंगणात रेडेही पडतात, माणसं हाताला हात धरून रिंगण करतात आणि गेलेल्याचं आयुष्य जन्मापासून गात ‘मा बादोंग’ घालतात.

जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांच्या ‘अलुक तो दोलो’ला, म्हणजे पूर्वजांच्या मार्गाला, १९६९मध्ये सरकारने हिंदू धर्माची एक शाखा म्हणून नोंदवून घेतलं. हे वाचून आपल्याकडे कुणाची छाती फुगेल, म्हणून सांगतो. इंडोनेशियात मान्यताप्राप्त धर्मांच्या यादीत नाव नसेल तर माणसाला कागदोपत्री धर्मच उरत नव्हता. यादीतल्या एका छपराखाली जाणं ही त्यांची निकड होती. ओळखपत्रावर मूळ श्रद्धा लिहिण्याची मुभा घटना न्यायालयाने दिली ती २०१७मध्ये. तोवर कितीतरी म्हातारी माणसं आयुष्यभर एक मानून दुसरं लिहीत राहिली.

सरकारने खर्च कमी करा म्हणून उपदेश करावा तर त्याचे हात कोरडे नाहीत. डचांच्या काळापासून कापल्या जाणाऱ्या जनावरांमागे कर घेतला गेला, पुढे जिल्हा प्रशासनानेही तो घेतला. १९८०च्या दशकात तोराजाची जाहिरात बालीनंतरचं दुसरं पर्यटनस्थळ म्हणून झाली. विधी जेवढा मोठा तेवढे पाहुणे जास्त, कॅमेरे जास्त, हॉटेलं भरलेली. त्याच दशकात लेमो आणि लोंदासारख्या ठिकाणच्या कड्यांवरून ‘ताउ-ताउ’ चोरीला गेले. गेलेल्या माणसाची फणसाच्या लाकडात कोरलेली, कपडे घातलेली ही मूर्ती, कड्यातल्या थडग्याच्या सज्जात उभी राहून खालच्या शेतांकडे बघणारी. ती पाश्चात्त्य संग्राहकांच्या दिवाणखान्यांत गेली. गावकऱ्यांना आपल्या आजोबांना गजांआड ठेवावं लागलं. ज्यांनी विकलं, ज्यांनी विकत घेतलं आणि ज्यांनी जनावरांवर कर बसवला, त्यांनी आता काटकसर शिकवू नये.

आपल्या मराठी सुधारकांची परंपरा इथे कामाला येते. गाडगेबाबांनी ‘कर्ज काढून सण करू नका’ हे आयुष्यभर सांगितलं, कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीवर कोरडे ओढले. पण त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या घरापासून. मुलीच्या बारशाला रिवाजाची दारू आणि मटण न करता गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. मुलगा गेल्याचा निरोप कीर्तनात आला तेव्हा त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ज्या माणसाने मरणाला एवढी पाठ दिली त्याला तोराजांची ही वाट बघण्याची रीत कदाचित पटली नसती. पण परक्या गावात जाऊन तिथल्या मयताच्या मांडवात प्रवचन झोडणं हे त्यांचं काम नव्हतं. ते बोलले आपल्या लोकांशी, आपल्या बोलीत, हातात त्यांचाच खराटा घेऊन. तोराजांमध्येही असं बोलणारे आहेत. त्यांचा आवाज सगळ्यांत आधी बुडतो तो बाहेरच्यांच्या चेष्टेत. चेष्टा झाली की सगळा समाज एका रांगेत उभा राहतो, आणि आतून प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘तूही त्यांच्यातलीच का’ असं ऐकावं लागतं. त्या विनोदाने मोठं नुकसान केलं ते हे. रेड्यांचा प्रश्न सुटला नाहीच, तो विचारणंही अवघड झालं.

आणि रेड्यांशिवाय तोराजा निरोप देऊ शकतात हे त्यांच्याच मातीत लिहिलेलं आहे. काम्बिरा गावात एक जुनं प्रचंड झाड आहे, ‘तारा’ जातीचं. दात यायच्या आधी गेलेलं मूल पूर्वी अशा झाडाच्या खोडात पुरत. खोडात कोनाडा कोरायचा, मूल उभ्याने आत ठेवायचं, तोंडावर ताडाच्या काळ्या काथ्याचं दार शिवायचं. या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा, म्हणजे बाळ आईच्या दुधावरच राहील. झाड जगतं, वाढतं, कोनाडा हळूहळू भरत येतो आणि मूल झाडाबरोबर वर जातं. तिथे रेड्यांची रांग नव्हती, माईक नव्हता, वही नव्हती. एवढंसं मूल कुणाचं काही देणं लागत नव्हतं. ही चाल आता बंद झाली आहे, पण ज्या लोकांना हे सुचलं त्यांना कमी रेड्यांत मोठं माणूस कसं पोचवावं हे बाहेरून कुणी शिकवण्याची गरज नाही.

ऑगस्ट आला की आमच्या घरच्या ग्रुपवर ‘मानेने’चा व्हिडिओ येतो. भात कापून झालं की तोराजांच्या उत्तरेकडच्या काही गावांत कड्यातली थडगी उघडतात, पूर्वजांचे वाळलेले देह बाहेर काढून उन्हात ठेवतात, धूळ झटकतात, नवे कपडे घालतात. दर वर्षी नाही, बहुतेक दोन-तीन वर्षांनी. चष्मा असेल तर चष्मा पुसून पुन्हा लावतात. नातवंडं आजोबांच्या शेजारी उभी राहून फोटो काढतात. व्हिडिओखाली नेहमीचा मजकूर असतो, भुतांचं गाव, काळीज घट्ट करून बघा. या वर्षी भाचीने तो जेवताना लावला आणि ‘शी’ म्हणत आजीपुढे धरला. आईने चष्मा वर करून शेवटपर्यंत बघितला. एक बाई एका म्हातारीच्या कॉलरचं बटण लावत होती, ते लागेना, म्हणून तिने हाताला थुंकी लावून दोरा पिळला आणि पुन्हा लावलं.

आई काही बोलली नाही. तिच्या ट्रंकेत आहेराच्या वहीखाली तिच्या आईचं इरकली लुगडं आहे. दर वैशाखात ती ते गच्चीवर उन्हात घालते, दुपारभर राखण करत बसते, घडीच्या जागी विरत चाललेला पदर उलटा घडी करते, नव्या डांबरगोळ्या टाकते आणि परत ठेवते. नेसायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. भाचीने विचारलं, ‘आजी, तुला भीती नाही वाटली?’

‘बटण लागलं ना,’ आई म्हणाली.